छोट्या रेडिओ केंद्रावर जुन्या तबकड्यांचा तास

प्रश्न थोडक्यात असा: सामुदायिक रेडिओ केंद्राने आठवड्यातून एक तास देऊ केला आहे. संग्रह मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा, बराचसा संगणकावर उतरवलेला. हिंदुस्थानी गायन जास्त, थोडं जुनं जॅझ. माईकपुढे बोलायची सवय नाही. तासात किती वाजवायचं, किती बोलायचं आणि मुळात काय बोलायचं? शिवाय ऐकणारे मूठभर असणार. त्यांच्यासाठी हा संग्रह किती आठवडे पुरेल?

काय बोलायचं, हे आधी घेते. बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पुढच्या तीन मिनिटांत श्रोत्याच्या कानावर जे पडणार आहे, तेवढ्याबद्दलच बोला. संग्राहकाला हे फार जड जातं. त्याच्याकडे तबकडीचा क्रमांक असतो, कंपनी असते, साल असतं, गायिकेचा गुरू, त्या गुरूचा गुरू आणि कोणाचं कोणाशी पटत नव्हतं हेही असतं. ही माहिती टाकाऊ नाही. पण ती ऐकून गाणं जास्त ऐकू येत नसेल, तर त्या क्षणी ती श्रोत्याच्या आणि गाण्याच्या मध्ये उभी राहते.

गायिका केसरबाई केरकरांची भैरवी घ्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर ठेवलेल्या सोनेरी तबकडीतून ती अंतराळात गेली. गोष्ट खरी आहे, आणि केसरबाई वाजवताना ती सांगायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. श्रोता 'अरे वा' म्हणतो आणि अंतराळाचा विचार करत बसतो. भैरवी मागे कुठेतरी चालू राहते. त्याऐवजी एवढंच म्हणून बघा: 'आ-कार किती मोकळा लावलाय ते ऐका, आणि बाई श्वास कुठे घेतात ते पकडता येतंय का बघा.' आता ऐकणाऱ्याला काम मिळालं. यानाची गोष्ट सांगायचीच असेल तर रेकॉर्ड संपल्यावर सांगा, एका वाक्यात.

काही इतिहास मात्र थेट कानाला ऐकू येतो, आणि जुन्या तबकड्यांत तो भरपूर आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्ग हा ध्वनिमुद्रक कलकत्त्यात आला आणि त्याने गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. मेणावरची मूळ मुद्रणं छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जायची. तिथल्या माणसांना हे कोणाचं गाणं ते कळावं म्हणून गाणं संपताच बाई इंग्रजीत आपलं नाव पुकारतात. एवढं सांगून मग वाजवा. एरवी दीड मिनिटात चुळबूळ करणारा माणूससुद्धा त्या नावासाठी शेवटच्या सेकंदापर्यंत थांबतो, आणि थांबण्याच्या नादात गाणं ऐकून घेतो.

तसंच मायक्रोफोनचं. १९२५ पर्यंत व्यापारी तबकड्यांसाठी भोंग्यात तोंड घालून गायचं. अडीच हजार हर्ट्झच्या पुढचं, म्हणजे वरच्या बारीक नादांतलं, फारसं काही तबकडीवर उमटत नसे. १९२५ साली विद्युत ध्वनिमुद्रण बाजारात आलं आणि पुढच्या काही वर्षांत सगळीकडे पसरलं. हे व्याख्यान म्हणून सांगू नका. भोंग्याच्या काळातली एक बाजू आणि मायक्रोफोनच्या काळातली एक बाजू पाठोपाठ वाजवा, मध्ये फक्त म्हणा, 'आता साथीदारांकडे लक्ष द्या.' पहिल्या तबकडीत कुठेतरी लांब दबलेला तबला दुसऱ्या तबकडीत खोलीत येऊन बसतो. तुमचा सगळा तांत्रिक इतिहास तिथे सांगून झाला.

विशेषणं काढून टाका. अप्रतिम, अवीट, स्वर्गीय, अजरामर, भावस्पर्शी, सगळी. तुम्ही 'स्वर्गीय' म्हटलंत आणि श्रोत्याला ते तसं वाटलं नाही, तर तो स्वतःला अडाणी समजतो किंवा तुम्हाला थापाडा. दोन्ही वेळा केंद्र बदलतो. 'हा शेवटचा तार षड्ज जरा लांबवलाय, मला तो फार आवडतो' एवढं चालतं, कारण ती तुमची आवड झाली आणि ती नाकारायची त्याला मोकळीक आहे.

भाषेबद्दल आणखी एक. 'आता आपण ऐकणार आहोत अमुक यांनी गायिलेली, तमुक रागातील, त्रितालात निबद्ध अशी एक बंदिश' हे वाक्य कागदावर जगतं, तोंडात नाही. त्यात चार गोष्टी एका श्वासात आहेत आणि ऐकणाऱ्याला एकही आठवत नाही. लहान वाक्यं करा आणि नाव शेवटी, एकटं येऊ द्या. 'वडिलांसारखाच बारीक, नेमका सूर. वडील अब्दुल करीम खाँ. ही मुलगी, हिराबाई बडोदेकर.' आणि लगेच सुई. ताल सांगायची गरज बहुतेक वेळा नसते. राग सांगावा, पण त्याचे वर्ज्य स्वर सांगत बसू नये. ज्याला कळतात त्याला ते ऐकू येतातच.

संपूर्ण संहिता लिहून वाचू नका. वाचलेलं वाचल्यासारखं ऐकू येतं, अगदी सराईत निवेदकाचंही. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर प्रत्येक तबकडीसाठी तीनच गोष्टी लिहा: नाव, कानाला दाखवायची एक जागा आणि शेवटचं वाक्य. शेवटचं वाक्य मात्र शब्दशः लिहा. नवशिका निवेदक अडकतो तो सुरुवातीला नव्हे, थांबताना. कसं संपवायचं ते सुचत नाही म्हणून तो आणखी अर्धा मिनिट बोलत राहतो. कार्यक्रमाचं पहिलं वाक्यही शब्दशः लिहून ठेवा, कारण लाल दिवा लागला की पाठ असलेलंही पळतं.

बोलण्याच्या गतीसाठी विलिस कोनोवर ऐका, जुनी मुद्रणं मिळतात. व्हॉइस ऑफ अमेरिकेवर १९५५ पासून तो जॅझचा कार्यक्रम करायचा. ऐकणारे पूर्व युरोपातले, रशियातले. अनेकांना इंग्रजी जेमतेम. म्हणून तो सावकाश, खालच्या पट्टीत, साध्या वाक्यांत बोलायचा आणि मग बाजूला व्हायचा. गंमत म्हणजे हे प्रसारण अमेरिकेतल्या लोकांसाठी करायला कायद्यानेच मनाई होती, त्यामुळे स्वतःच्या देशात त्याला फारसं कोणी ओळखत नसे. अमीन सयानींची नक्कल मात्र करू नका, कितीही मोह झाला तरी. १९५२ पासून रेडिओ सिलोनवरून त्यांनी जे केलं ते लाखो श्रोत्यांशी, चित्रपटगीतांच्या शर्यतीबद्दल बोलणं होतं, आणि तो जल्लोष त्या कामाला शोभत होता. तुमच्या केंद्राचं प्रक्षेपण शंभर-दोनशे वॅटचं असणार. तुम्ही एकाच माणसाशी बोलताय असं धरा. 'श्रोतेहो'पेक्षा 'तुम्ही' बरं.

आता हिशेब. एक तास म्हणजे साठ मिनिटं नसतात. केंद्राची ओळख, सूचना, असलीच तर जाहिरात हे वजा करता त्रेपन्न-चौपन्न मिनिटं हातात राहतात. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन ते साडेतीन मिनिटांची, बारा इंची चाराच्या पुढे. बारा बाजू धरल्या तर चाळीस मिनिटांच्या आत-बाहेर गाणं होतं आणि बोलायला बारा-तेरा मिनिटं उरतात. दर खेपेला मिनिट-मिनिट बोलून ती सारखी वाटू नका. दोन-तीन बाजू सलग वाजवा, मग दीड मिनिट बोला. कुठे फक्त नाव सांगून पुढे जा. निवांत बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे दीड मिनिट हा भलताच मोठा काळ आहे. घड्याळ लावून बोलून बघा.

पहिल्या दिवशी 'नमस्कार, मी अमुक, मला लहानपणापासून' अशी सुरुवात करू नका. दहा-पंधरा सेकंदांची सिग्नेचर ट्यून, कार्यक्रमाचं नाव आणि थेट गाणं. ते पहिलं गाणं संग्रहातलं सगळ्यात दुर्मिळ नको. पहिल्या पाच सेकंदांत पकडणारं हवं. तुम्ही कोण, हे दुसऱ्या बाजूनंतर सांगितलं तरी कोणाचं काही अडत नाही.

क्रम लावताना साल बघू नका, आधी पट्टी बघा, म्हणजे गायकाचा सा पेटीच्या कोणत्या सुरावर आहे ते. हे फार कमी जण करतात. सलग दोन गाणी अशी आली की पहिल्याचा षड्ज काळी एक आणि दुसऱ्याचा पांढरी दोन, तर दुसरा गायक पहिली काही सेकंद बेसुरा वाटतो. दोष त्याचा नसतो. आपल्या कानात आधीचा सा अजून घुमत असतो आणि नवा सा त्याच्यापासून अर्ध्या स्वरावर येऊन आपटतो. एक तर षड्ज तोच हवा, किंवा अंतर चांगलं ऐसपैस हवं, चौथा-पाचवा स्वर वगैरे. ते जमत नसेल तर मध्ये बोला. वीस सेकंदांच्या बोलण्याने कान पुसला जातो. पेटी घेऊन बसा आणि प्रत्येक मुद्रणाच्या नावापुढे त्याची पट्टी लिहून ठेवा. एकदाच करायचं काम आहे आणि पुढे कायम उपयोगी पडतं.

पट्टीनंतर आवाजाची जात बघा. भारी आवाजानंतर बारीक आवाज खुलतो. तीन बारीक आवाज सलग आले तर तिसरा कितीही मोठा असला तरी पातळ वाटतो. एका घराण्याचा तास करायचा असेल तर हे विशेष सांभाळा. अब्दुल करीम खाँ, हिराबाई, रोशनआरा बेगम ही साखळी कागदावर सुंदर दिसते. प्रसारणात तिच्यामध्ये एखादं वाद्य घाला, बीन, सारंगी, शहनाई, काहीही.

जॅझ वेगळं ठेवायची गरज नाही. तीन मिनिटांची कैद दोन्हीकडे सारखी होती, आणि ती कैद कानाला ऐकू येते. एक ख्यालाची बाजू वाजवा, मग १९२०च्या दशकातली एक जॅझ बाजू, आणि विचारा: तीन मिनिटं कोणी कशी खर्च केली? ख्याल गाणाऱ्याने आलाप किती आखडला, ताना कुठे सुरू केल्या, शेवटी समेवर येऊन नीट थांबला की घाईत गुंडाळलं? लुई आर्मस्ट्राँगच्या १९२८ मधल्या 'वेस्ट एंड ब्लूज'च्या सुरुवातीला एकट्या ट्रम्पेटची मोकळी झेप आहे. तिच्यासाठी त्याने ऐन तीन मिनिटांतले मोलाचे सेकंद दिलेत. त्यावर एक अक्षरही बोलू नका. व्यावसायिक केंद्रांवर गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर बोलून शब्द सुरू व्हायच्या क्षणी थांबायचं कसब असतं. ते कसब खरंच आहे, पण तुमच्या कार्यक्रमात त्याला जागा नाही. तुमच्या गाण्यांत 'सुरुवातीचं रिकामं संगीत' असं काही नसतंच.

नाव आधी सांगायचं की नंतर? अनोळखी नाव असेल तर नंतर, किंवा दोन्हीकडे. आधी ऐकलेलं अनोळखी नाव हवेत विरतं. गाणं आवडलं की मात्र माणूस पेन शोधतो, तेव्हा ते पुन्हा आणि स्वच्छ सांगा. सलग तीन वाजवल्या असतील तर शेवटची आधी सांगा, मग मागे जा. कानात तीच ताजी असते. दर पंधरा मिनिटांनी केंद्राचं आणि कार्यक्रमाचं नाव घ्या, कारण तुमचे निम्मे श्रोते मध्येच आलेले असतात. 'मघाशी आपण म्हणालो तसं' हे शब्द म्हणूनच विसरा.

यंत्रांवर जरा जास्त वेळ घेते. जुन्या तबकड्या आणि आजचं प्रसारण यांचं मुळात पटत नाही.

आधी वेग. '७८' हा आकडा नंतर पक्का झाला. सुरुवातीच्या तबकड्या सत्तरीच्या सुरुवातीपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कुठल्याही वेगाने कोरलेल्या सापडतात. ८० ला वाजायची तबकडी ७८ वर फिरवली तर सूर अर्ध्या स्वराच्या जवळपास निम्म्याने उतरतो. उलट, ७४ची तबकडी ७८ वर फिरवली तर सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो: बाईंचा आवाज मुलीसारखा होतो आणि तानांना अमानुष घाई येते. अशा ताना ऐकून भारावलेले रसिक मी पाहिलेत. पेटी असलेल्या तबकडीत पेटी कोणत्या पट्टीत बसते ते बघा. पट्टी दोन स्वरांच्या बरोबर मध्ये लटकत असेल तर वेगाची शंका घ्या. (बीबीसीच्या रेडिओ वनवर १९६७ पासून २००४ पर्यंत असलेले निवेदक जॉन पील चुकीच्या वेगाने रेकॉर्ड वाजवण्यासाठीच प्रसिद्ध होते, आणि श्रोत्यांना ते आवडायचं. पण तिथे दुसऱ्या मिनिटाला चूक कळायची; इथे शंभर वर्षांपूर्वीच्या आवाजाबद्दल कोणालाच कळत नाही.)

आणखी तबकड्या उतरवणार असाल तर एलपीची, म्हणजे नंतरच्या जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्यांची, सुई वापरू नका. एलपीची खाच सुमारे २५ मायक्रॉनच्या सुईसाठी असते, ७८ची साधारण ७५च्या. सुई धरणारा पिकअप स्टीरिओ असेल तर दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनो करा. खाचेच्या तळाशी वरखाली होणारा बराचसा खरखराट त्यातच एकमेकांना मारतो. टक-टक असे आवाज काढा, पण सलग सळसळ पूर्ण काढायच्या मागे लागू नका. सॉफ्टवेअरने सळसळ खरवडून काढली की आवाजाच्या कडाही जातात आणि 'स' पाण्यात बुडाल्यासारखा येतो. थोडी सळसळ दोन मिनिटांत कान विसरतो, बिघडलेला 'स' विसरत नाही.

प्रसारणाच्या साखळीत एक प्रोसेसर असतो. हळू आवाज तो वर उचलतो, मोठा दाबतो, म्हणजे मोटारीत बसलेल्यालाही सगळं ऐकू यावं. तबकडीच्या सुरुवातीची आणि शेवटची रिकामी खाच त्याला 'हळू आवाज' वाटते, म्हणून तो ती उचलून धरतो आणि गाणं संपताच खरखराटाची लाट येते. फाइल करतानाच पहिला सूर यायच्या अर्धा सेकंद आधी कापा, आणि शेवटचा सूर विझताच आवाज झटकन शून्यावर उतरवा. केंद्राच्या तंत्रज्ञाला तुमच्या तासापुरता प्रोसेसर सौम्य करता येतो का ते विचारा. काही ठिकाणी वेळापत्रकानुसार सेटिंग आपोआप बदलता येतं.

त्याच साखळीत शांतता ओळखणारं यंत्रही असतं. ठरावीक सेकंद आवाज फार खाली गेला की केंद्र बंद पडलं असं समजून ते राखीव संगीत सुरू करतं. ७८च्या तबकड्यांना त्याचा त्रास नाही, तीन मिनिटांत कोणाला शांत बसायला वेळच नव्हता. पण कधी एलपीवरचा संथ आलाप लावलात, तानपुरा दबलेला आणि गायक दोन स्वरांमध्ये थांबलेला, की मध्येच एखादं ढोलकीचं गाणं सुरू होऊ शकतं. मर्यादा किती सेकंदांची आणि किती डेसिबलची आहे ते आधीच विचारून ठेवा.

तुमच्या स्वतःच्या आवाजाचं काय? माईक तोंडापासून वीतभर, समोर नव्हे तर किंचित बाजूला, म्हणजे 'प', 'फ', 'भ' फुटत नाहीत. हेडफोन नेहमी. एवढं कोणीही सांगेल. तुमच्या कार्यक्रमापुरती खरी अडचण वेगळी आहे: १९०५ सालची अरुंद, मधल्याच स्वरपट्ट्यांतली तबकडी संपते आणि तिच्यामागून आधुनिक माईकवरचा तुमचा खर्जासकट आवाज येतो. श्रोता दचकतो आणि आवाज कमी करतो. मग पुढची तबकडी त्याला ऐकूच येत नाही. म्हणून मिक्सरवर माईकचा खर्ज ऐंशी-शंभर हर्ट्झच्या खाली कापा, पातळी मीटरवर दोन-तीन डेसिबल खाली ठेवा आणि जरा हळू बोला. मीटरचं ऐकून नव्हे, छोट्या स्वस्त रेडिओवर ऐकून ठरवा. पहिल्या काही कार्यक्रमांची मुद्रणं आठवडाभराने अशा रेडिओवरच ऐका, स्टुडिओच्या स्पीकरवर नको.

फाइली वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये ठेवा, त्यांत आवाजातलं काही गमावलं जात नाही. एफएमला पंधरा हजार हर्ट्झपर्यंतच जागा असते, मग एवढी काळजी कशाला, असं कोणी म्हणेल. पण केंद्राचं इंटरनेट प्रसारण फाइल पुन्हा दाबतं, आणि दाबलेलं पुन्हा दाबलं की तबकडीच्या सळसळीचं विचित्र काहीतरी होतं.

हक्कांचा विषय कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, शब्द-संगीताचा वेगळा. प्रसारणाचा परवाना केंद्राचा असतो, तुमचा नाही. त्यात काय बसतं ते व्यवस्थापकाला विचारा. जुनं म्हणजे मोकळं असं नसतं, मुदत देशागणिक वेगळी. भारतात ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं, अमेरिकेत १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ ला मोकळी झाली. कार्यक्रम नंतर केव्हाही ऐकता यावा म्हणून इंटरनेटवर ठेवणं हा आणखी वेगळा हक्क आहे. प्रसारणाच्या परवान्यात तो बहुधा नसतो. एकाच कलाकाराचा तास करण्यावरही काही ठिकाणी बंधन येतं. अमेरिकेत इंटरनेट प्रसारणाच्या वैधानिक परवान्यात तीन तासांत एका कलाकाराची चारच मुद्रणं चालतात, त्यातली सलग फक्त तीन. काय वाजवलं त्याची नोंद, म्हणजे लॉगशीट, दर कार्यक्रमाला भरा: शीर्षक, कलाकार, रचनाकार, कंपनी, कालावधी. त्यात तबकडीचा मॅट्रिक्स क्रमांकही, म्हणजे त्या विशिष्ट मुद्रणाचा क्रमांक, लिहा, केंद्राला नको असला तरी. एकच गाणं दोनदा मुद्रित झालेलं असतं, कॅटलॉग क्रमांक तोच राहतो आणि मॅट्रिक्स वेगळा निघतो.

वेळेवर संपवा. शेवटची बाजू किती मिनिटांची आहे ते मागे मोजून ती कधी सुरू करायची ते ठरवा, आणि तिच्यानंतर बोलायचं ते आधीच बोलून घ्या. तुमच्यानंतरचा निवेदकही स्वयंसेवकच असतो, दारात उभा असतो आणि त्याचा पहिला मिनिट तुम्ही खाल्लात तर तो विसरत नाही. आजारपणासाठी एक तास मुद्रित करून केंद्राकडे ठेवा. त्यात तारीख, ऋतू, सण यांपैकी कशाचाही उल्लेख नको.

राहिला संग्रह. आठवड्याला बारा बाजू म्हणजे वर्षाला सहाशेच्या पुढे, तीनशेहून जास्त तबकड्या. पण संग्रह संपेल ही भीती निराधार आहे, कारण पुन्हा वाजवणं हे तुमचं कामच आहे. तुम्ही ती भैरवी कित्येकदा ऐकली म्हणून ती तुमची झाली. श्रोत्याला ती एकदाच ऐकवून पुढे कसे जाल? तासातल्या तीन-चार बाजू आधी वाजवलेल्या असू द्या, पण कान वेगळ्या जागी लावून. आणि उत्तम तबकड्या पुढे कधीतरी म्हणून मागे ठेवू नका. दुर्मिळपणा हा वाजवण्याचं कारण होऊच शकत नाही. फक्त तीन प्रती उरल्यात असं सांगितलं जाणारं पुष्कळसं गाणं त्याच कारणाने दुर्मिळ आहे की तेव्हाही ते कोणी विकत घेतलं नव्हतं.

ऐकणारे मोजायच्या भानगडीत पडू नका, छोट्या केंद्राकडे ते मोजायचं साधनच नसतं. फोन, संदेश फार येणार नाहीत. आले तर बहुतेक एकच विचारतील: 'मघाशी वाजलं ते काय होतं?' म्हणून लॉगशीट हाताशी. संदेश हवे असतील तर 'कसा वाटला कार्यक्रम' असं विचारू नका. ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच हवंय ते विचारा. या गाण्याच्या अंतऱ्यातला तिसरा शब्द मला लागत नाही, कोणाला लागतो का? अशा प्रश्नाला उत्तर येतं, आणि उत्तर देणाऱ्याच्या माळ्यावर पुष्कळदा तबकड्यांची एक पेटी निघते.

तयारीला एका तासामागे तीन-चार तास धरा. वेळ कमी पडला तर वाचन कापा, शोध कापा, बोलणं कापा. पण बाराही बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकूनच स्टुडिओत जा, मग त्या कितीही पाठ असोत. उतरवताना सुई अडकलेली जागा नेहमी दुसऱ्या मिनिटानंतर असते, आणि फाइल तपासताना आपण पहिलं अर्धं मिनिटच ऐकलेलं असतं.